दहा रुपयांच्या नोटेपलीकडची मदत

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्यांना पाटस ठाऊक असतं ते टोल नाक्यामुळे. दौंड तालुक्यातल्या या गावाचा पसारा मात्र नाक्यापलीकडे बराच आहे. भीमा सहकारी साखर कारखाना इथलाच. पुणे-दौंड लोहमार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. कुरकुंभची औद्योगिक वसाहत जवळ, आजूबाजूला ऊस आणि गुऱ्हाळं, रस्त्याला लागून ढाबे, गॅरेजं, पंक्चरची दुकानं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी वरवंडहून निघते आणि पाटसवरून रोटी घाट चढते. हाताला काम मिळावं असा हा मुलूख आहे. तरीही या महामार्गावर आणि या मार्गावरच्या गाड्यांत तृतीयपंथी व्यक्ती आपल्याला दिसते ती जवळपास नेहमी एकाच रूपात, टाळी वाजवून पैसे मागताना. आपण दहाची नोट काढून देतो किंवा मान फिरवतो. गुऱ्हाळावर, कारखान्याच्या गेटवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ती का दिसत नाही, असं फारसं कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरातच गरिबीचं कारण आहे आणि तिच्यावरचा उपायही. तृतीयपंथीच नव्हे, समलिंगींसह एकूणच एलजीबीटी समाजातले बहुतेक लोक गरीब म्हणून जन्मत नाहीत. बागायतदाराच्या घरात जन्मतात, शिक्षकाच्या घरात जन्मतात, ऊसतोडणी कामगाराच्या खोपटातही जन्मतात. गरिबी नंतर येते आणि ठरलेल्या क्रमाने येते : आधी घर सुटतं, मग शाळा, मग कागदपत्रं, मग काम, आणि शेवटी वारसा. मदत करायची तर ती याच क्रमाने करावी लागते.

घर सुटतं तेव्हा काय काय सुटतं

आठवी-नववीतला एखादा मुलगा. चाल बायकी, आवाज बारीक. वर्गात नावं ठेवली जातात, मधल्या सुट्टीत पोरं अडवतात, मुलांच्या मुतारीत जायची भीती वाटते म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नाही. घरी भाऊ मारतो, वडील बोलत नाहीत, आई रडते. दहावीच्या आधीच शाळा सुटते आणि एक दिवस घरही. निघताना पिशवीत दोन कपडे असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जन्माचा दाखला, आधार कार्ड हे सगळं घरच्या कपाटात राहतं. रेशन कार्डावरचं नाव कुणीतरी कमी करून टाकतं. आपल्याकडे बँकेतलं खातं, भाड्याची खोली, सरकारी योजना, कंपनीतली नोकरी, सगळं या कागदांवर उभं असतं. त्यामुळे घराबाहेर पडलेलं ते पोर एका रात्रीत सगळ्याच हक्कांबाहेर फेकलं जातं.

आकडेही हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद स्त्री किंवा पुरुष यांऐवजी ‘इतर’ अशी झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात होते ४० हजार ८९१. देशाची एकूण साक्षरता तेव्हा सुमारे ७४ टक्के होती, या गटाची ५६ टक्के. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी केरळ डेव्हलपमेंट सोसायटीने २०१७ च्या सुमारास दिल्ली आणि उत्तर प्रदेशात केलेल्या अभ्यासात, सुमारे ९६ टक्के तृतीयपंथीयांना नोकरी नाकारली गेल्याचं आणि कुटुंबासोबत राहणारे अवघे २ टक्के असल्याचं आढळलं. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. घर असतं तिथे शिक्षण टिकतं, आणि शिक्षण टिकतं तिथे नोकरीची निदान शक्यता तरी उरते.

घर सुटलेल्या तृतीयपंथीयाला आसरा देतो तो गुरू-चेल्यांचा डेरा. गुरू डोक्यावर छप्पर देते, नाव देते, आजारपणात उशाशी बसते. त्या बदल्यात चेल्याने बाजार मागायचा, म्हणजे दुकानादुकानांतून पैसे गोळा करायचे, लग्नाघरी किंवा बाळ झालेल्या घरी बधाईला जायचं आणि कमाईतला ठरलेला वाटा गुरूला द्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला यात फक्त पिळवणूक दिसते आणि काही ठिकाणी ती असतेही. पण ज्याला जन्मदात्यांनी टाकलं त्याला जेवू घालणारी दुसरी कोणतीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही, हेही तितकंच खरं आहे. या कमाईला शाश्वती नसते. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, बाजार बंद झाले आणि हजारो जणांची चूल एका दिवसात विझली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येकी दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, पण ती खात्यावर येणार होती. खातं आणि कागद नसलेल्यांची तिथेही पंचाईत झाली. शिवाय राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. काम कुणी देत नाही आणि भीक मागितली तर गुन्हा, अशा कात्रीत या माणसांचं आयुष्य जातं.

हक्क होता, तो काढून घेतला

‘हे लोक पहिल्यापासून मागूनच खातात’ असं सहज म्हटलं जातं. इतिहास मात्र वेगळं सांगतो, आणि तो आपल्याच दख्खनचा आहे. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या जुन्या दप्तरांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. मराठेशाहीत हिजड्यांपैकी काहींना राज्यकर्त्यांकडून रोख नेमणुका आणि इनाम जमिनी होत्या, ठरावीक मुलखात घरोघरी भिक्षा घेण्याचा हक्क होता आणि गुरूमागून तो चेल्याकडे जात असे, असं त्यातून दिसतं. बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळावा तसाच हा गावगाड्यातला एक मान्य वाटा होता. कंपनी सरकार आल्यावर एकोणिसाव्या शतकात या भिक्षेच्या हक्काचं पाठबळ काढून घेण्यात आलं. गुरूकडून चेल्याकडे जाणारा वारसा रक्ताचा नसल्यामुळे इनामंही पुढे चालू राहिली नाहीत.

उत्तर हिंदुस्थानात तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची पोलिसांकडे नोंद सक्तीची केली. नोंद झालेल्याला मूल दत्तक घेता येत नसे, कुणाचं पालक होता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. समाजाने ठेवलेलं स्थान आणि पिढीकडून पिढीकडे जाणारी थोडीबहुत मालमत्ता या दोन्ही गोष्टी अशा रीतीने गेल्या. उरलं ते फक्त मागणं. आज टोल नाक्यावर जो हात पुढे येतो, त्याच्या मागे हा दीडशे-दोनशे वर्षांचा हिशेब आहे.

न दिसणारी गरिबी

टाळी ऐकू येते म्हणून तृतीयपंथीयांची गरिबी निदान डोळ्यांसमोर तरी असते. समलिंगी स्त्री-पुरुषांची आणि स्त्रीदेहात जन्मलेल्या पण मनाने पुरुष असलेल्यांची गरिबी चार भिंतींआड राहते.

गावातल्या समलिंगी मुलीचं बारावीनंतर लग्न लावून देतात. तिच्या नावावर ना जमीन, ना पगार. सहन झालं नाही तर ती मैत्रिणीबरोबर शहर गाठते. मग घरचे पोलिसांत हरवल्याची तक्रार देतात, मुलींना परत आणलं जातं, शिक्षण संपतं. ट्रान्स पुरुषाला तर आसरा द्यायला डेरासुद्धा नसतो. समलिंगी मुलगा पुण्या-मुंबईत छोट्या नोकरीवर निभावतो, पण घरमालकाला कळलं की खोली जाते, कंपनीत कळलं की काम जातं. कुणी ब्लॅकमेल करून पगार काढून घेतो, आणि बदनामीच्या भीतीने तो चौकीत जात नाही. जागतिक बँकेसाठी अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला होता की, अशा भेदभावामुळे भारताचं एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ०.१ ते १.७ टक्के इतकं नुकसान होतं. शिकू शकणारी, राबू शकणारी माणसं आपण घरी बसवतो किंवा पळवून लावतो, त्याची ही किंमत सगळा देश मोजतो.

कायदा या बाबतीत समाजाच्या बराच पुढे गेला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या खटल्यात तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी बाजू मांडणाऱ्यांत होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून बाहेर आले. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा जानेवारी २०२० पासून लागू झाला. समलिंगी विवाहाला ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली नाही. पण त्यानंतर केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की, असे जोडीदार रेशन कार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावेत, त्यांना संयुक्त बँक खातं उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींनीच एकाच्या मृत्यूनंतर दुसरा उघड्यावर येण्यापासून वाचतो.

मदत कशी करायची

पहिली मदत आईवडिलांची. लेकरू घरात राहिलं तर पुढचं निम्मं संकट टळतं. मुलाशी किंवा मुलीशी काय बोलावं ते कळत नसेल तर विचारायला माणसं आहेत. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे. खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली आहेत. आणि एवढं करूनही घर पेलत नसेल, लेकरू जाणारच असेल, तर निदान त्याचे कागद त्याच्या हातात द्यावेत. दाखला आणि गुणपत्रिका अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणं आहे.

दुसरी मदत शाळेची. मुख्याध्यापकांनी ठरवलं तर चिडवणं थांबतं. एक दार लावता येईल असं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी खुलं ठेवलं तरी एखाद्याची हजेरी टिकते. केंद्राच्या ‘स्माईल’ योजनेत नववीपासून पुढे शिकणाऱ्या तृतीयपंथी विद्यार्थ्यांना वर्षाला १३ हजार ५०० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवली आहे. वर्गशिक्षकाने सांगितलं नाही तर ती त्या पोरापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी मदत कागदांची, आणि गावपातळीवर हीच सगळ्यात जास्त उपयोगाची. तृतीयपंथी ओळखीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी पोर्टलवर चालू नियम पाहावेत किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं. या प्रमाणपत्रावरून आधारवरचं नाव आणि लिंग बदलता येतं, मग बँक खातं, मग पुढचं सगळं. महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या एखाद्या तरुणाने हसू न दाबता, लोकांच्या रांगेत ताटकळत न ठेवता एक अर्ज नीट भरून दिला, तर ते वर्षभर टोलवर दिलेल्या दहाच्या नोटांपेक्षा मोठं काम आहे.

कागद हाती आले की पैशाची एक वाट लगेच उघडते. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत तृतीयपंथीयांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. वय ६५ च्या आत, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य अशा तिच्या मुख्य अटी. अनुदान २०२३ पासून महिन्याला दीड हजार करण्यात आलं. अर्ज तहसील कार्यालयात जातो, म्हणजे पाटसकरांसाठी दौंडला. गाडी अडते ती वास्तव्याच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांवर. डेऱ्यात राहणाऱ्याचा रहिवास कोण लिहून देणार? इथे तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांची एक सही कुणाचंतरी आयुष्य बदलू शकते. उपचारांसाठी आयुष्मान भारतच्या अंतर्गत प्रमाणपत्रधारकांना ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचं केंद्राने २०२२ मध्ये ठरवलं. ते प्रत्यक्ष मिळावं म्हणून मात्र पाठपुरावा करावा लागतो.

चौथी मदत कामाची. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांत आणि ग्रीन मार्शल पथकांत घेतलं. त्याच जिल्ह्यात आपण राहतो. साखर कारखान्याचा वजनकाटा, कंपनीचं कॅन्टीन, पॅकिंग विभाग, पेट्रोल पंप, ढाब्याचा गल्ला, गुऱ्हाळावरची गुळाची बांधणी ही सगळी महिना-दोन महिन्यांत शिकता येणारी कामं आहेत. पण नुसती नेमणूक पुरत नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये वीसेक तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. सगळीकडे कौतुक झालं, आणि त्यांतल्या काहींनी अल्पावधीतच नोकरी सोडली. कारण शहरात त्यांना कुणी परवडणारी खोली देईना. म्हणून काम देणाऱ्याने खोलीची सोय लावून द्यावी, पगार खात्यावर जमा करावा, आणि पहिल्याच दिवशी मुकादमाला व सहकाऱ्यांना स्पष्ट सांगावं की, इथे कुणाची टिंगल चालणार नाही. ज्यांना स्वतःचा धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी बचत गटाचा मार्ग आहे. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तृतीयपंथीयांचे विशेष गट नेहमीपेक्षा कमी सदस्यांतही करता येतात. शिलाई, खानावळ, पापड-मसाले, शेळीपालन यांसाठी गटाचं कर्ज मिळालं, तर खासगी सावकाराच्या टक्केवारीतून सुटका होते.

पाचवी गोष्ट वारशाची, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. मूल तृतीयपंथी निघालं म्हणून त्याचा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगा आणि मुलगी यांचा वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा सारखाच आहे. त्यामुळे त्या व्यक्तीला मुलगा म्हणा की मुलगी, हिस्सा तेवढाच. तरीही वारसनोंदीच्या वेळी नाव वगळलं जातं किंवा चार पैसे हातावर ठेवून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. अशी सही करण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीचा मोफत सल्ला घ्यावा. दहा गुंठे जमीन सातबाऱ्यावर राहिली, तरी म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. वय झालेल्या तृतीयपंथीयांचे हाल फार होतात. पाय थकले की बाजार मागणं बंद होतं आणि मागे पेन्शन देणारं कुणी नसतं.

देणगी द्यायची असेल तर तीही डोळसपणे द्यावी. एखाद्या विद्यार्थ्याचं वसतिगृह शुल्क, शिलाई यंत्र, खोलीची अनामत रक्कम, दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं अशा नेमक्या गरजा भागवाव्यात. हे करताना कुणाची ओळख गावात उघड होणार नाही, याची काळजी घ्यावी. फोटो काढून मदतीची जाहिरात करू नये. अशा एका फोटोने एखाद्याचं घर आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात.

ग्रामसभेत मांडावा असा ठराव

हे सगळं शहरातच शक्य आहे असं वाटत असेल, तर पालखी मार्गावरच्या माळशिरस तालुक्याकडे पाहावं. तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा अर्ज स्त्री राखीव जागेवर नाकारला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना निवडून आणलं. खेड्यातला माणूस कोत्या मनाचा असतो, हा समज या दोन गावांच्या मतपेट्यांनी खोटा ठरवला.

गावाच्या ठरावात किती बळ असतं, तेही आपण पाहिलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याच वाटेने जाण्यास सांगितलं. पाटसच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरतात. त्यातल्या एखाद्या सभेत एवढंच मांडावं : गावात राहणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला रहिवासाचा दाखला अडवला जाणार नाही, तिचं नाव रेशन कार्डावर आणि मतदार यादीत घेतलं जाईल, शाळेत छळ झाला तर मुख्याध्यापक जबाबदार धरले जातील, ग्रामपंचायतीच्या रोजंदारीच्या कामात तिला डावललं जाणार नाही आणि वारसनोंदीत तिचं नाव गाळलं जाणार नाही. या पाच ओळींना सरकारी तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी हवी असते सूचक म्हणून एका ग्रामस्थाची आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्याची सही. आपण वाचणाऱ्यांनी त्या दोघांपैकी एक व्हावं, ही विनंती.